नऊ नंबरचं झुडूप

वृद्धाश्रमाची बाग सांभाळणाऱ्या माणसाला सगळे टेलर म्हणायचे, आणि तो होताही टेलरच. बावीस वर्षं त्यानं पँटी शिवल्या, उसवल्या, पुन्हा शिवल्या. मग समोर तयार कपड्यांचं दुकान आलं, त्याला लागून दुसरं आलं, आणि टेलरच्या मशीनवर धूळ बसायला लागली. गिऱ्हाईक यायचं ते चेन बदलायला, नाहीतर पोट सुटलं म्हणून कंबर सैल करायला. शेवटी एका संध्याकाळी त्याची बायको कामावरून आली. ती या आश्रमाच्या धुलाईघरात चादरी धुवायची. चपला काढता काढता म्हणाली, "अहो, आमच्याकडं माळी पाहिजे."

"मग मी काय करू?"

"तुम्ही व्हा."

"मला झाडातलं काय कळतं?"

"कापडातलं तरी पहिल्या दिवशी कुठं कळत होतं? उस्तादानं कान पिळला तेव्हा कळलं ना?"

दुसऱ्या दिवशी टेलर आश्रमात गेला. बायकोचं तो सहसा ऐकायचाच.

आश्रमातल्या जुन्या माळ्यानं त्याला दोन हिवाळे हाताखाली घेतलं. तो म्हातारा बोलायला महाग. त्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. झाडाला हात लावायच्या आधी हात पाठीमागं बांधून उभं राहायचं आणि बघायचं. माणूस झाडाचं जेवढं वाटोळं करतो ना, ते सगळं काहीतरी करायच्या घाईत करतो. टेलरला हे पटलं, कारण कापडाचंही तसंच असतं. कात्री एकदा चालली की चालली.

त्याला आता बारा वर्षं झाली होती. गळ्यातली मापाची टेप मात्र सुटली नव्हती. दोन रोपांमधलं अंतर तो टेपनं मोजायचा, कॉलरला सुई टोचलेली असायची, आणि थंडी तोंडावर आली की नाजूक झुडपांना तो गोणपाटाचे कोट शिवायचा. नुसतं गुंडाळणं त्याला जमायचं नाही. खांद्याला चुण्या, खाली घेर, वर दोरीनं आवळायची मान. खोली नंबर चारमधला म्हातारा, जन्मभर बस चालवली म्हणून ड्रायव्हर म्हणूनच ओळखला जाणारा, दर वर्षी बाकावर बसून ओरडायचा, "टेलरमास्तर, झुडपांना नवे कोट आणि आम्ही विरलेल्या स्वेटरात! आम्हाला काय मुळं नाहीत म्हणून?"

"तुम्ही एका जागी उभे राहून दाखवा, तुम्हालाही शिवतो."

"एका जागी उभा राहिलो तर तू सरळ पुरशील, लेका."

त्या वर्षी नवी झुडपं उशिरा आली. व्यवस्थापक मॅडमना कुणीतरी बावीस झुडपं देणगी दिली होती, आणि देणाऱ्याला सोयीचं झालं तेव्हा ती आली. म्हणजे पानगळ अर्ध्यावर असताना. मॅडमना एक कल्पना सुचली. खोल्याही बावीस, मग प्रत्येक खोलीला एक झुडूप. टेलरनं मागच्या भिंतीलगत रांगेनं खड्डे घेतले, झुडपं लावली, प्रत्येकाला खोलीच्या नंबरची पत्र्याची चकती बांधली. मग मॅडमनी सगळ्यांना जमवलं आणि टेलरला म्हणाल्या, "सांगा, काळजी कशी घ्यायची ते."

टेलरला भाषण येत नव्हतं. त्यानं टोपी काढली, परत घातली.

"काय नाही. आठवड्यातून एकदा सावकाश पाणी, खोलवर. मी बुंध्यापासून वीतभर लांब कुजलेला पाला घातलाय, थोडा हाडांचा चुरा, थोडी राख. तेवढं पुरे. वर काही खायला घालायचं नाही. ही आता झोपायला निघालीत. पानं गळतील, काड्या राहतील, घाबरायचं नाही. आता खत घातलं तर ती जागी होतात, नवी कोवळी पानं काढतात, आणि पहिलं दव गोठलं की ती पानं खलास. पानांबरोबर कधी कधी झाडही."

"म्हणजे उपाशी झोपवायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. बोलणारी होती नऊ नंबरची मेसमावशी. माना वळल्या त्या प्रश्नाला नाही, आवाजाला. दोन महिन्यांत ती एक शब्द बोलली नव्हती.

मेसमावशी म्हणजे एका शाळेच्या वसतिगृहाची मेस एकतीस वर्षं चालवलेली बाई. दोन वेळा दोनशे ताटं. हात पोळलेले, मनगटं पुरुषासारखी, आणि नजर अशी की तुम्ही दारात उभे राहिलात की पोट किती रिकामं आहे ते तिला कळणार. आश्रमात ती नवऱ्याबरोबर आली होती. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, अंगानं काडी, बोलणं त्याहून बारीक. उन्हाळा संपता संपता तो गेला. त्या दिवसापासून ती खिडकीशी बसून राहिली. ताट जसं जायचं तसं परत यायचं. आश्रमाची सिस्टर दर सोमवारी सगळ्यांची वजनं घ्यायची, आणि नऊ नंबरच्या रकान्यात आकडा लिहिताना ओठ घट्ट मिटायची.

"उपाशी नाही मावशी," टेलर म्हणाला. "निवांत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ नंबरच्या झुडपासमोर ती उभी होती. तिसऱ्या दिवशीही.

बाकीच्यांनी टेलरचं तंतोतंत ऐकलं, कारण काही करायचं नाही हे करणं सगळ्यांनाच सोपं होतं. पंधरा दिवसांत रांगेतली पानं पिवळी पडली, गळली. नऊ नंबरचं मात्र पिवळं होईना. टेलरनं एका सकाळी वाकून पाहिलं. काड्यांच्या टोकांना नवी पालवी फुटली होती. पोपटी, ओलसर, तान्ह्या बाळाच्या कानाच्या पाळीसारखी मऊ. बुंध्याशी माती उकरून पाहिली तर भाताची पेज, दुधाचा आंबूस वास, आणि पांढरे दाणे. हिरवळीला वसंतात घालायचं खत. त्याच्याच शेडमधलं.

शेडची किल्ली खिळ्याला असायची. त्या खिळ्याजवळच्या बाकावर रोज कोण बसतं हे टेलरला विचारावं लागलं नाही.

"ड्रायव्हरसाहेब, खत कुणी दिलं तिला?"

"खत कसलं? चिमूटभर टॉनिक." ड्रायव्हरनं खिशातली तंबाखूची रिकामी डबी काढून दाखवली. "एवढीशी डबी. रोज एक. अरे, बाई बोलायला लागली! काल मला म्हणाली, तुमची दाढी वाढलीय. दोन महिन्यांत माझ्या दाढीकडं कुणी बघितलं होतं का?"

"झाड मरेल हो त्यानं."

ड्रायव्हरचं हसू जागच्या जागी राहिलं. "मरेल म्हणजे? हिरवंगार तर आहे. सगळ्यांत तेच तर जिवंत दिसतंय."

हीच तर गोची होती. बाकी एकवीस झुडपं मेल्यासारखी दिसत होती आणि ठणठणीत होती. सगळ्यांनी नऊ नंबरभोवती कौतुकानं गर्दी करावी, मॅडमनी येऊन "वा मावशी, तुमच्या हाताला गुण आहे" म्हणावं, आणि टेलरनं बाजूला उभं राहून आपले हात चोळावेत.

तो मावशीशी बोलणार होताच, पण त्याआधी सिस्टरनं त्याला व्हरांड्यात गाठलं.

"टेलर, काल मावशींनी ताट चाटूनपुसून खाल्लं. आठवड्यात दीड किलो चढलं वजन. काय जादू केलीत?"

"मी काय नाही केलं. ती झाडाला चारतेय. चारू नये ते."

"मग चारू दे की."

"सिस्टर, दव पडायला लागलं की ते झाड..."

"एक झाड ना?" सिस्टर म्हणाली. ती दुष्ट बाई नव्हती. सोळा तास उभी असायची आणि तिचे पाय संध्याकाळी फुगायचे. "टेलर, मी हात जोडते. त्या झुडपाला हात लावू नका."

टेलर घरी आला तो तोंड पाडून. बायकोनं विचारलं, त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "मग दुसरं झाड लावा तिथं, गुपचूप. कुणाला कळणार?"

"तिला कळेल. तिनं दोनशे पोरांना चेहऱ्यावरून ओळखलंय. झुडूप नाही ओळखणार?"

"मग सरळ सांगा."

"सांगितलं तर पुन्हा खिडकीशी बसेल."

"मग नका सांगू."

"नाही सांगितलं तर थंडीत स्वतःच बघेल, की आपण मारलं."

बायकोनं पिळलेल्या चादरीकडं बघावं तसं त्याच्याकडं पाहिलं, म्हणजे आणखी पिळून काय निघणार नाही हे कळल्यासारखं, आणि ताटं घेतली.

टेलरला एक युक्ती सुचली. ती जितकी साधी तितकीच खुळी होती. त्यानं ट्रंकेतून शिंपीकामाचे जुने पांढरे खडू काढले, वरवंट्याखाली जाडसर भरडले आणि शेडमधल्या खताच्या डब्यात भरून ठेवले. खरं खत पिंपात दडवलं. ड्रायव्हर येईल, डबी भरेल, मावशी घालेल, तिचं समाधान होईल, झाडाला काही होणार नाही. तीन दिवस हे चाललंही. चौथ्या दिवशी मावशी शेडच्या दारात उभी राहिली. तळहातावर पांढरी पूड होती.

"टेलर, हे काय आहे?"

"खत आहे मावशी."

तिनं दोन बोटांत पूड चोळली, नाकाशी नेली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली. "एकतीस वर्षं मी पिठातली भेसळ ओळखत आले. वाण्याला पोतं परत न्यायला लावायची मी. तू मला खडू चारतोस?"

"तुम्हाला नाही, झाडाला."

"तेच ते."

टेलरला वाटलं, आता ही ओरडेल. पण ती उलट्या टोपलीवर बसली. गुडघ्यांवर हात ठेवून, मेसमध्ये चूल विझल्यावर बसत असेल तशी.

"तू काय सांगतोस ते मला कळत नाही असं समजू नकोस," ती म्हणाली. "कळतंय. यांच्या वेळी सिस्टरनंही हेच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, शरीर आता मागत नाही, बळं देऊ नका. ओठ ओले करा, बस. मी ऐकलं. एक दिवस ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं बघवेना. माझ्या हातून सगळ्या जगानं खाल्लं आणि माझा नवरा उपाशी? मी पेज केली पातळ. चमच्यानं दिली. त्यांनी तोंड उघडलं रे, टेलर. उघडलं म्हणून दिली. दुसरा चमचा ठसक्यात गेला."

शेडच्या पत्र्यावर वाळकी पानं खरखरत होती. टेलरनं कॉलरची सुई काढली, पुन्हा टोचली.

"चार दिवसांनी गेले. सिस्टर बोलली नाही काही. पण ती माझ्या हाताकडं बघते."

"तसं नसेल मावशी."

"तुला काय माहीत?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं कुणाला चमच्यानं भरवलं नव्हतं, कुणाचा ठसका पाहिला नव्हता.

"मला फक्त एवढं सांग," ती म्हणाली, "आता थांबले तर ते वाचेल?"

इतके दिवस रोज खाल्लेलं झाड आज थांबून काय होणार होतं? पालवी फुटून चुकली होती. तिला पुन्हा काडीत घालता येत नव्हतं. "बघू," टेलर म्हणाला. "तुम्ही थांबा, मी कोट शिवतो. चांगला शिवतो."

आणि तो कोट त्यानं खरोखर असा शिवला की दुकान चालू असताना कुणा साहेबाचाही शिवला नसेल. तीन दुपारी लागल्या. दुहेरी गोणपाट, मध्ये वाळक्या पेंढ्याचा थर, दाभणानं गादीसारखे टाके. मावशी समोर स्टुलावर बसून सुतळी उलगडून द्यायची. हाताला काम मिळालं म्हणून की काय, ती त्या तीन दुपारी बोलत होती. दोनशे पोरांसाठी पीठ मळताना तिचं लग्नातलं कंकण कसं पिठात गेलं, आणि ते ज्या पोराच्या दातांखाली आलं त्यानं परत देताना कसं सांगितलं, "मावशी, आज पोळीत हाड होतं." ड्रायव्हर हसून हसून खोकायला लागला. मावशीनं त्याला पाणी आणून दिलं, आणि पेला ओठांना लागेपर्यंत हात सोडला नाही.

"टेलर," ड्रायव्हर मागाहून हळूच म्हणाला, "वाचेल ना रे ते? माझ्याच डबीतून गेलंय."

"हवेवर आहे."

हवा ऐकणारी नव्हती. कोट चढवून आठवडा झाला आणि उत्तरेकडून वारं फिरलं. सलग तीन सकाळी अंगण मिठासारखं पांढरं झालं. नळ गोठला. टेलर उकळतं पाणी घेऊन नळावर ओतत होता तेव्हा मावशी कोटासमोर उभी होती, शाल डोक्यावरून घेतलेली. "उघडून बघू या?"

"आत्ता नको. ऊन येऊ दे."

चौथ्या दिवशी दुपारी ऊन आलं. टेलरनं मानेची दोरी सोडली, कोट वर ओढून काढला. आतली पालवी लटकत होती. पोपटी रंग जाऊन काळपट हिरवी, लिबलिबीत, काड्यांना चिकटलेली. मावशीनं एक पान बोटांत धरलं. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. हातानं आयुष्यभर हेच ओळखलं होतं.

"शिजलं रे हे," ती म्हणाली.

टेलर गुडघ्यावर बसला. वरच्या काडीची साल त्यानं नखानं खरवडली. आत तपकिरी. वीतभर खाली खरवडलं. तपकिरी. बुंध्याजवळ त्याचं नख थांबलं.

"खाली बघ ना," मावशी म्हणाली.

"खाली बघितलं तर तिथं जखम होईल. थंडी आत शिरेल. वसंतातच कळेल आता. मुळं जिवंत असली तर खालून फुटेल."

"आणि नसली तर?"

टेलरनं उठून हात झटकले. बोटं गारठली होती. कोट पुन्हा चढवायचा म्हणून त्यानं उचलला, तेव्हा मावशी आत निघून गेली होती. चालताना तिचे दोन्ही हात शालीच्या आत होते.

त्या रात्रीचं ताट परत आलं. दुसऱ्या दिवशीची दोन्ही आली. सिस्टरनं समजावलं, मॅडम येऊन बसल्या, ड्रायव्हरनं दारातून त्याच्या बसमध्ये चढलेल्या बोकडाची गोष्ट सांगितली. मावशी खिडकीशी. खिडकीतून मागची भिंत दिसायची, आणि बावीस काड्यांच्या रांगेत ते एकटंच कोट घातलेलं.

तिसऱ्या दिवशी टेलर गेला. बारा वर्षांत तो कुणाच्या खोलीत गेला नव्हता, बुटांना चिखल असतो म्हणून. दारात उभा राहिला. काय बोलायचं ते ठरवून आला होता, की चूक झाडं उशिरा आणणाऱ्यांची, चूक डबी देणाऱ्याची, चूक त्याचीच, किल्ली खिळ्याला ठेवली त्याची. यातलं एकही तोंडातून निघालं नाही. टेबलावर ताट होतं. भात, उकडलेले बटाटे, गाजराचं सूप, सगळं निवून गेलेलं.

मावशीनं मान वळवली. आधी त्याचे बूट पाहिले, मग चेहरा.

"जेवलास का?"

टेलर बाराच्या ठोक्याला बायकोनं दिलेला डबा रिकामा करून आला होता. "नाही," तो म्हणाला.

"मग बस."

तो बसला. तिनं ताट त्याच्यापुढं सरकवलं, चमचा हातात दिला, आणि खुर्ची ओढून समोर बसली. टेलर खाऊ लागला. पोट भरलेलं होतं, तरी घास खाली जात होता. तिच्या चेहऱ्यावर, बारीकसा का होईना, रंग येताना त्याला दिसला. "बटाटा आणखी घे. मीठ बरं आहे का? इथला आचारी मीठ भिऊन घालतो." ताट रिकामं झालं तेव्हा तिनं ते पदरानं पुसल्यासारखं केलं आणि सुस्कारा सोडला.

दुसऱ्या दिवशीही तो गेला. तिसऱ्या दिवशीही. घरी डब्यात एक पोळी कमी द्यायला सांगितलं तर बायको म्हणाली, "कुठं जेवून येता?" त्यानं सांगितलं. तिनं त्याचा डबा धुऊन पालथा घातला. मग म्हणाली, "ती जेवते का?"

टेलरनं तेव्हा पहिल्यांदा विचार केला. नाही. त्याच्यासमोर तिनं एक दाणाही तोंडात टाकला नव्हता. त्याला वाटत होतं, आपण गेल्यावर खात असेल, रात्रीचं खात असेल. आपण तिला खायला लावतोय असंच त्यानं धरलं होतं.

सोमवारी सिस्टर त्याला शेडमध्ये शोधत आली. हातात वजनांची वही. "टेलर, तुम्ही मावशींशी बोलता, तुम्हाला काही कळतं का बघा. दुपारचं ताट आठवडाभर रिकामं येतंय नऊ नंबरचं. मी डॉक्टरांना सांगितलं, जेवायला लागली. रात्री नाही खात, पण दुपारचं पूर्ण. तरी वजन अडीच किलो उतरलंय. डॉक्टर म्हणतात, पोटात काही असेल. तपासण्या करायच्या म्हणतात."

टेलरच्या हातातली कैची तशीच उघडी राहिली. बोलायचं म्हटलं तर सोपं होतं. ताट मी खातोय, एवढंच. पण मग काय? मग सिस्टर त्याला खोलीत जाऊ देणार नव्हती. मग मावशीला भरवायला कुणी उरणार नव्हतं, आणि ताट पुन्हा जसंच्या तसं. न बोलावं तर तिला सुया टोचणार, नळ्या घालणार, तिच्या पोटात नसलेलं काहीतरी शोधत बसणार. कुठल्याही बाजूनं कापलं तरी कापड तोकडंच पडत होतं.

"मीच खातो ते," तो म्हणाला. "ताट."

मावशी बसली होती त्याच टोपलीवर सिस्टर बसली आणि चपलेतून पाय काढून चोळू लागली. ओरडली नाही. "का?" एवढंच विचारलं.

"ती म्हणाली बस."

"मी काय लिहू आता?"

"खरं लिहा."

"आणि उद्या?"

टेलरनं कैची मिटली.

दुपारी टेलर पुन्हा नऊ नंबरच्या दारात उभा राहिला. ताट मांडलेलं होतं, खुर्ची ओढलेली होती, चमचा त्याच्या बाजूला. तो बसला, पण चमचा उचलला नाही.

"मावशी, आज मी नाही खाणार."

"का? बरं नाही?"

"तुमचं वजन उतरलंय. ते तपासायला घेऊन जातील तुम्हाला. तुम्ही खा. एक घास तुम्ही, एक मी."

मावशीनं चमचा उचलला. भात घेतला, वर सुपाचा थेंब पाडला, नीट, सांडू न देता, आणि त्याच्या तोंडासमोर धरला. टेलरनं ओठ मिटले. तिचा हात हवेत राहिला. बाहेर ओसरीवर ड्रायव्हरच्या खोकल्याचा आवाज येत होता. सुपाचा थेंब चमच्याच्या कडेला आला, लोंबला, टेबलावर पडला. टेलरला त्या हाताकडं बघवत नव्हतं. मनात येत होतं, तोंड उघडावं. एक घास, काय जातंय. त्यानं दात आवळले.

"उघड," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली.

शेवटी तिनं हात खाली आणला. चमचा ताटात ठेवला. ताटावर दुसरं ताट झाकलं. मग दोघं समोरासमोर बसून राहिले, सिस्टर ताट न्यायला येईपर्यंत. सिस्टरनं झाकण उचलून पाहिलं, टेलरकडं पाहिलं, मावशीकडं पाहिलं, हाताकडं नाही, चेहऱ्याकडं. आणि वहीत लिहिलं.

टेलर उठला. नळ पुन्हा गोठला असणार होता, बघायला हवं होतं.

"उद्या येशील?" मावशीनं विचारलं.

"येतो. पण जेवून येईन."

"रोज जेवूनच येत होतास." ती खिडकीकडं वळली होती. "भुकेला माणूस पहिला घास घेताना ताटात बघतो, टेलर. तू माझ्याकडं बघत होतास."

तो दारात थांबला. मग बुटांचा चिखल फरशीवर उमटू नये म्हणून टाचा उचलून तो बाहेर पडला.